काकांचं गॅरेज

“मावशी, जरा बघता का? चेंबर तुंबलाय. तुम्हाला सवय आहे ना.”

शनिवारची दुपार होती. मुकुंदकाका आमच्या दारात उभे होते. पायात रबरी चपला, इथे त्यांना जँडल्स म्हणतात, हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये अर्धी पुरी. आमचा घरमालक. तो माझ्याशी बोलत नव्हता. माझ्या खांद्यावरून आत बघून आईशी बोलत होता.

समोरच्या लाकडी डेकवर त्याच्या आईची पंचाहत्तरी चालली होती. वीस-पंचवीस माणसं. सगळी मराठी, सगळी शिकलेली, बहुतेक सगळी कॉम्प्युटरवर काम करणारी. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी. आणि डेकच्या पायरीशी, घराबाहेर सांडपाण्याचं जे जाळीदार कुंड असतं, त्यातून काळपट पाणी वर येऊन गवतावर पसरत होतं. वास सुटला होता. पाहुणे प्लेटा उचलून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला सरकले होते.

“वीकेंडला प्लंबर लुटतात हो,” काका म्हणाले. “आणि तुमचा तर हातखंडा असणार.”

आई पलंगावर बसून मटार सोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही मोठ्या गप्पा मारल्या तरी वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. मी काही बोलले नाही.

आईने मटारचं ताट बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि विचारलं, “सळई आहे का? आणि बादली?”

आता आम्ही कोण ते सांगते.

माझी आई पुण्यात महापालिकेच्या झाडणकामावर होती. तीस वर्षं. पहाटे कोठीवर हजेरी लावायची, मुकादम रस्ता वाटून द्यायचा, तो झाडायचा. पावसाळ्यात चेंबरची झाकणं उघडून पाण्याला वाट करून द्यायची. बाबा छापखान्यात बाइंडर होते. ते गेले तेव्हा घरात दागिना नव्हता, पण गादीखाली पुस्तिका होत्या. सभेच्या मैदानाबाहेर सतरंजीवर विकतात तसल्या, पातळ, पिनांनी टाचलेल्या. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. एका पुस्तिकेत जुन्या इंग्लंडमधल्या गिरणी-शहरांची गोष्ट होती. तळघरांत राहणारी कुटुंबं, अख्ख्या गल्लीत एक संडास, पटकी आली की मरणारी पोरं. आणि तिथले घरमालक म्हणायचे, घरं चांगलीच आहेत, ही माणसंच घाणेरडी. मी आठवीत होते. मला वाटलं, किती जुनी गोष्ट.

मग मी डिप्लोमा करायला न्यूझीलंडला आले आणि एका रेस्ट होममध्ये नोकरीला लागले. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, जेवू घालायचं. त्यासाठी मला इथे ट्रेनिंग दिलं, ग्लोव्ह्ज दिले, छातीवर लावायला नाव दिलं. राहायला जागा ऑकलंडमध्ये, पापाटोएटोत मिळाली, मुकुंदकाकांच्या घरामागच्या गॅरेजात. गॅरेजचे मध्ये फळी घालून दोन भाग केलेले. एका भागात मी, दुसऱ्यात सेला नावाची टोंगा बेटांवरची बाई आणि तिची तीन वर्षांची नात. सेला एका लाँड्रीत कामाला जाते. दोघींना मिळून एक संडास-बाथरूम. खाली काँक्रीट, त्यावर कुणाच्या तरी ऑफिसातून काढलेला गालिचा.

भाडेकराराचा कागद केला नाही. मी विचारलं होतं. काका हसले. “अगं, आपल्या माणसांत कागद कशाला? तू मला काका म्हणतेस ना?”

मी म्हणत होते. घरापासून इतक्या लांब आलेल्या आम्हा पोरींची ही एक खास चूक आहे. मराठी ऐकू आलं की आम्ही विरघळतो. समोरच्याला काका म्हणून टाकतो. आणि एकदा काका म्हटलं की भिंतीवरच्या बुरशीबद्दल बोलता येत नाही. काकांकडे तक्रार कशी करायची? काकांना नोटीस कशी द्यायची? काका दिवाळीला चकल्या देतात. घरमालकाकडून हक्क मागता येतात. काकांचे फक्त उपकार असतात.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या पलंगामागची भिंत काळी झाली. आधी ठिपके, मग डाग, मग हाताएवढे पट्टे. खिडकीच्या काचेवरून सकाळी पाणी ओघळायचं. कपाटातल्या ओढणीला कुबट वास. मी सांगितलं, तर काका येऊन बघून गेले. म्हणाले, “तुम्ही लोक खिडक्या उघडत नाही. आणि भात किती शिजवता! ती सगळी वाफ जाणार कुठे?”

तुम्ही लोक. मी आणि सेला. एक पुण्याची, एक टोंगाची, दोघींची एकच जात झाली होती. घरं चांगलीच आहेत, ही माणसंच घाणेरडी. पापाटोएटोतल्या गॅरेजात उभी राहून मी ते वाक्य ऐकलं, वरून चांगल्या पुणेरी मराठीत, आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी ब्लीच आणून भिंत पुसली. पंधरा दिवसांत ती पुन्हा काळी.

आई आली या वर्षी मे महिन्यात. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच विमानात बसली. तिला दमा आहे, जुना, रस्त्याच्या धुळीचा. तिला सहा महिने विश्रांती द्यायची, असा माझा बेत होता. विश्रांतीसाठी मी तिला कुठे आणलं, तर काळ्या भिंतीच्या खोलीत.

आणि अजून एक केलं. काकांनी विचारलं, “आई काय करायच्या?” मी म्हटलं, “महापालिकेत होती.” एवढंच. काकांनी समजून घेतलं, ऑफिसात. मी ते समजू दिलं. पुस्तिका वाचून वाढलेली मी. सभांमध्ये पुढच्या रांगेत बसून हात वर करणारी मी. ऑकलंडमध्ये मला एका सॉफ्टवेअर मॅनेजरसमोर आईचा झाडू लपवावासा वाटला.

पहिले तीन आठवडे आई काकू होती. “काकू, थालीपीठ खाऊन बघा.” “काकू, माईंशी गप्पा मारायला येत जा, त्यांनाही बरं वाटतं.” माई म्हणजे काकांच्या आई. सहा महिने इथे, सहा महिने पुण्यात. दोघी कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी भेटायच्या. माई गुडघ्यांबद्दल बोलायच्या, आई ऐकायची. असंच एकदा माईंनी विचारलं, कोणत्या खात्यात होता? आईने सांगितलं. तिला लपवायचं कारणच नव्हतं. मी तिला माझं खोटं सांगितलंच नव्हतं. “झाडणकामावर. तीस वर्षं. एक दिवस गैरहजर नाही, बाळंतपणं सोडली तर.” अभिमानाने सांगितलं तिने.

माईंनी टॉवेलला चिमटा लावला आणि आत गेल्या.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. शिकलेली माणसं बोलत नाहीत. आईला चहा पूर्वी कपात यायचा, तो आता कागदी पेल्यात यायला लागला. “डिशवॉशर भरलाय हो.” महिनाभर भरलेलाच होता डिशवॉशर. बहुधा न्यूझीलंडमधला सगळ्यात भरलेला. माईंची कपडे वाळत घालायची वेळ बदलली. आणि काकूची मावशी झाली.

मावशी. किती प्रेमाचा शब्द, नाही? आईची बहीण. आपल्याकडे तो भांडी घासणारीला लावतात. शाळेत फरशी पुसणारीला लावतात. इस्पितळात बेडपॅन उचलणारीला लावतात. डॉक्टरीणबाईंना कुणी मावशी म्हणत नाही. हे लोक सातासमुद्रापार येऊन नमस्काराला किया ओरा म्हणायला शिकले, झकासला स्वीट अ‍ॅज म्हणायला शिकले, रग्बीचे नियम शिकले. पण एका बाईचं काम कळलं की तिला कोणत्या नात्याने हाक मारायची, ते त्यांना शिकावं लागत नाही. ते बरोबर घेऊनच विमानात बसतात. त्यासाठी जादा सामानाचे पैसे पडत नाहीत.

तर त्या शनिवारी आईने जाळी उचलली.

तिच्या हातात माझे स्वयंपाकघरातले पिवळे ग्लोव्ह्ज होते, मनगटाशी संपणारे. तिने कोपरापर्यंत हात आत घातला. पाहुणे बघत होते. काही जण बघत नसल्यासारखं करून बघत होते. आईने एकेक बाहेर काढलं. तुपाचा थिजलेला गोळा. भात. पुसायच्या ओल्या कागदांचा दोरखंड झालेला. पुन्हा तूप. आमच्या खोलीत तूप नसतं. ती घाण वरच्या घरातली होती, सुसंस्कृत, शाकाहारी, साजूक.

काकांची मुलगी इरा, दहा वर्षांची, डेकच्या कठड्याला टेकून उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. “डॅड, व्हाय इज शी डुइंग दॅट? व्हाय डोन्ट वी कॉल समवन?”

“शी लाइक्स हेल्पिंग, बेटा.”

“शी डझन्ट लुक लाइक शी लाइक्स इट.”

“इरा, आत जा.”

त्या अख्ख्या डेकवर एकच माणूस खरं बोललं, त्याला आत पाठवलं.

आईने सळई घातली, दोनदा फिरवली, आणि आतून गडगड आवाज होऊन पाणी उतरलं. कुणीतरी टाळी वाजवली. खरंच वाजवली. एक गृहस्थ म्हणाले, “एक नंबर! याला म्हणतात एक्सपीरियन्स.” हशा झाला. वाईट हशा नव्हता तो. मोकळा, पोट भरल्यावरचा. त्यांना खरंच काही वाईट केल्यासारखं वाटत नव्हतं. तेच मला आजही सहन होत नाही.

अर्ध्या तासाने आमच्या पायरीवर दोन कागदी प्लेटा आल्या, वरून फॉइल लावलेल्या. कुणी ठेवल्या दिसलं नाही. दार वाजवलं नाही.

आई बाथरूममधून आली. हात तीनदा धुतले होते. तिने प्लेटांकडे बघितलंही नाही. पुन्हा मटार घेऊन बसली. मी म्हटलं, “तू कशाला गेलीस? नाही म्हणायचंस.”

“तू का नाही म्हणालीस?”

मी प्लेटा उचलून बाजूला ठेवल्या.

“माईंच्या प्रश्नावरूनच कळलं मला. तू त्यांना सांगितलंस ना, आई ऑफिसात होती.”

“ऑफिसात म्हटलं नाही मी.”

“नाही म्हटलं नाहीस, एवढंच.” तिने शेंग मोडली. “मला माझ्या कामाची लाज नाही. मी तीस वर्षं झाडलं, पगार घेऊन झाडलं. अंगावर गणवेश होता. खिशात युनियनचं कार्ड होतं. मुकादमाने कधी वेडंवाकडं काम सांगितलं तर त्याच्या तोंडावर नाही म्हटलंय मी, कोठीवर सगळ्यांसमोर. फुकट कुणाच्या घरची घाण काढली नाही आयुष्यात. आज पहिल्यांदा काढली. का काढली सांगू? तुझी खोली जाईल म्हणून.”

मी पुस्तिकांवर वाढले, पण मला जे कळायचं होतं ते त्या मटारच्या ताटापाशी कळलं. माझी आई कोठीवर मोकळी होती. तिचा मान माझ्या गॅरेजात गेला. मी लपवला म्हणून त्यांना चोरता आला.

चार दिवसांनी तिचा दमा उसळला. छाती शिट्टीसारखी वाजत होती. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी पंप दिला, गोळ्या दिल्या, आणि विचारलं, घरात ओल आहे का? मी फोनमधला भिंतीचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. म्हणाल्या, “या खोलीत औषधाचा फारसा उपयोग नाही. माणूस बदलता येत नाही, खोली बदला. किंवा मालकाला बदलायला लावा. तसा कायदा आहे.”

कायदा होता. मला माहीत होता. भाड्याने दिलेलं घर कोरडं हवं, गरम करायची सोय हवी, हवा खेळायला हवी, सांडपाणी नीट वाहून जायला हवं. कागद केला नसला तरी हा कायदा लागू होतो. मालकाला चौदा दिवसांची नोटीस देता येते: दुरुस्त कर, नाहीतर घरभाड्याचे तंटे सोडवणाऱ्या ट्रायब्युनलपुढे ये. हे सगळं मी दोन वर्षांपूर्वीच वाचलं होतं. वाचनाचा माझा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न काकांचा होता.

पुढच्याच आठवड्यात चेंबर पुन्हा भरला. या वेळी पाणी आमच्या बाजूला आलं, सेलाच्या दाराखालून आत. तिची नात ओल्या गालिच्यावर उभी राहून रडत होती. काका आले. पायरीवर न चढता म्हणाले, “मावशींना पाठव गं जरा.”

“नाही.”

“बरं नाही का त्यांना? मग संध्याकाळी...”

“संध्याकाळीही नाही. ड्रेनलेयर बोलवा.” ड्रेनलेयर म्हणजे इथला गटाराचा कारागीर. परवाना असतो त्याच्याकडे. “आणि तिला मावशी म्हणू नका. तिचं नाव मी तुम्हाला लिहून देते.”

काका हसले. “अगं, एवढं काय झालं? घरचं समजतो म्हणून सांगतो. परक्याला सांगितलं असतं का?”

“माईंना सांगितलं असतं का?”

हसणं थांबलं. पांढरपेशा माणसाचं हसणं थांबलं की खालचा चेहरा बघण्यासारखा असतो. तो रागावलेला नसतो. तो दुखावलेला असतो. आपण इतके चांगले, आणि आपल्याला असं बोलतात!

“हे बघ,” ते म्हणाले, “तू भलत्या दिशेने नेऊ नकोस. आम्ही जातपात मानत नाही. आमच्या घरी सगळे येतात जेवायला.”

“पायरीपर्यंत,” मी म्हटलं, आणि क्लिनिकमधून आल्यावर लिहून ठेवलेली नोटीस त्यांच्या हातात दिली. एक पान. भिंत, छत, गरम करायची सोय, सांडपाण्याचा पाइप. वर त्यांचं पूर्ण नाव. काका हा शब्द कुठेही नाही.

ड्रेनलेयर दुसऱ्या दिवशी आला. नोटिशीने का होईना, आला. पन्नाशीचा माणूस, माओरी, म्हणजे इथला मूळचा, मोठी गाडी, त्यात नळ्या आणि कॅमेरा. त्याने बूट चढवले, चेंबरपाशी गुडघे टेकले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. त्याच चेंबरमध्ये. तेच तूप, तीच घाण, तोच वास.

आणि मी जे बघितलं ते ज्यांना जात कळत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

काका त्याच्या शेजारी उभे होते. “थँक्स फॉर कमिंग, मेट. हीप्स बिझी?” म्हणजे खूप काम असतं का. काम झाल्यावर त्याने हात धुतले आणि काकांनी तो हात हातात घेऊन हलवला. माईंनी आतून कॉफी पाठवली. चांगल्या, निळ्या नक्षीच्या मगमध्ये. बशीत बिस्किटं. डिशवॉशर त्या दिवशी रिकामा होता. त्याला डेकवर खुर्ची दिली. माई स्वतः बाहेर येऊन तुटक्या इंग्रजीत म्हणाल्या, “व्हेरी हार्ड वर्क.”

म्हणजे घाणीचा त्यांना विटाळ नव्हता. मी इतकी वर्षं उगीच समजत होते की या लोकांना घाण सहन होत नाही. घाण चालते त्यांना. गोरा, माओरी, कुणीही ती काढून त्यांच्या खुर्चीत बसू शकतो, कारण त्याचं ते काम आहे. माझ्या आईचं ते काम नाही त्यांच्या लेखी. त्यांच्या लेखी ती स्वतःच ते आहे. निवृत्त झाली तरी, समुद्र ओलांडला तरी, दम्याने छाती फुटली तरी.

त्या माणसाने कॉफी घेताना काकांना सांगितलं, आणि मी पायरीवरून ऐकलं: “गॅरेजचा पाइप कुणीतरी जुन्या नळीला नुसता चिकटवलाय. टेपने. उतारच नाही त्याला. ज्याने केलं तो ड्रेनलेयर नव्हता.”

काका मगमध्ये बघत होते. टेप त्यांनीच लावली होती. यूट्यूबवर बघून. आमच्यासमोर अभिमानाने लावली होती.

“आणि गेल्या वेळी कुणी मोकळं केलं? काम चांगलं झालंय,” त्याने विचारलं.

“माय मदर,” मी मोठ्याने म्हटलं. “शी क्लीन्ड स्ट्रीट्स फॉर थर्टी इयर्स. फॉर द सिटी. विथ अ युनियन.”

त्या माणसाने माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या आईकडे वळून मान लववली. “गुड ऑन यू, आंटी.” आई खोकत होती. तिने फक्त हात वर केला.

चौदा दिवस झाले. भिंतीला हात लागला नाही, पाइपलाही नाही. मी ट्रायब्युनलकडे अर्ज केला. अर्ज केल्याची बातमी आमच्या मराठी मंडळींत अशी पसरली, की तेवढ्या वेगाने आमच्या चेंबरमधलं पाणीही कधी पसरलं नव्हतं. फोन आले. एक ताई म्हणाल्या, “आपल्याच माणसाला कोर्टात नेतेस? इथले लोक काय म्हणतील?” मी विचारलं, “माझी आई चेंबरमध्ये हात घालत होती तेव्हा तुम्ही डेकवर होता ना? श्रीखंड कसं झालं होतं?” त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या एकाने इंग्रजीत लांबलचक निरोप पाठवला की काही जणांना भारत सोडता येतो पण ‘व्हिक्टिम मेंटॅलिटी’ सोडता येत नाही. मराठीत लिहायला त्याला धीर झाला नसावा.

मग परवा काका स्वतः आले. हिवाळ्याचं ऊन होतं. या वेळी दार वाजवलं. आईला काकू म्हणाले.

“काकू, मला तुमच्या तब्येतीची काळजी वाटते. न्यू लिनला माझं दुसरं घर आहे, त्यातली एक खोली रिकामी आहे. नवीन रंग, खोली गरम करायला हीटपंप, कोरडी ठणठणीत. तुम्ही दोघी तिकडे जा. भाडं इथलंच. फक्त तो अर्ज मागे घ्या. उगाच कशाला सगळ्यांना मनस्ताप?”

कोरडी ठणठणीत. मी आईकडे बघितलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. दारापासून पलंगापर्यंत, प्रत्येक श्वास. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं, खोली बदला. मी खोटं सांगत नाही, माझ्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. एका ‘हो’मध्ये आईची रात्रीची झोप होती. एका ‘हो’मध्ये भांडण संपत होतं.

“आणि ही खोली?” मी विचारलं.

“ही देऊ कुणाला तरी. पुण्याहून एक नवं जोडपं येतंय, चांगली मुलं आहेत. त्यांना चालेल.”

“भिंत?”

“रंग मारून घेतो ना.”

“सेला?”

काकांनी फळीच्या पलीकडे पाहिलं, जिथून नातीचा खोकला येत होता. आवाज खाली आणून म्हणाले, “अगं, त्यांना असं राहायची सवय असते.”

पुन्हा तोच शब्द. हे लोक दुसऱ्याच्या अंगावर सवय चढवतात आणि स्वतःच्या अंगावर हीटपंप. काळ्या भिंतीवर रंग, रंगावर नवं जोडपं, नव्या जोडप्याचं मूल, मुलाच्या छातीत शिट्टी. आणि त्या जोडप्यातल्या मुलीनेही याला काकाच म्हणायचं.

आईने विचारलं, “काय करायचं?” तिने माझ्यावर सोडलं. श्वास तिचा, आणि माझ्यावर सोडलं.

मी म्हटलं, “नाही. न्यू लिन नको. ही भिंत काढायची, आतून ओल बंद करायची, गरम करायची सोय करायची, दोन्ही खोल्यांत. पाइप परवाना असलेल्या माणसाकडून घालायचा. हे सगळं लेखी. काम होईपर्यंत आईला आणि त्या पोरीला राहायला कोरडी जागा, तुमच्या खर्चाने. आणि अर्ज मागे घेणार नाही.”

ते जायला वळले. मग म्हणाले, “तुझा प्रॉब्लेम काय आहे माहितीये? तू फार वाचतेस.”

“हो.”

“असं वागून तुला इथे कुणी खोली देणार नाही. आपल्यातलं कुणी नाही देणार.”

“नका देऊ.”

ते गेले. आईने पंप घेतला, दोनदा ओढला, आणि म्हणाली, “सेलाला बोलव.” सेला फळीपलीकडून नातीला घेऊन आली, पलंगावर बसली, मी तिला सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, “व्हेअर डू आय साइन?”

आता अर्जावर तीन नावं आहेत: माझं, आईचं, सेलाचं. सुनावणीची तारीख आली आहे. आईने तिचा जबाब मराठीत सांगितला, मी इंग्रजीत उतरवला. चेंबरमधून काय काय निघालं, कोण बघत होतं, कोण हसलं, टाळी कुणी वाजवली. तिने ‘टाळी’ नको म्हटलं होतं, उगाच लहान गोष्ट. मी ठेवली. कायद्याला टाळीशी देणंघेणं नसेल. मला आहे.

आम्ही हरू शकतो. आम्हाला बाहेर काढायला तो काहीतरी कारण शोधेल, आणि त्याच्याकडे वकील आहेत, माणसं आहेत, चांगलं इंग्रजी आहे. आई तोपर्यंत या खोलीत किती टिकेल, याची मला भीती वाटते. ती भीती आहेच. पण मी इथून हलणार नाही. ही भिंत मी त्याच्या हातून फोडून घेणार. मग न्यू लिनचं घर बघायला जाणार, त्यात खाली कोण राहतं ते विचारायला. मग त्या शनिवारी डेकवर जे जे होते, त्यांच्या घरांमागे काय काय उभं आहे, ते बघायला. दार वाजवणार, आतल्या बाईला विचारणार, भिंत दाखव. नोटिशीच्या कोऱ्या प्रती माझ्या पिशवीत आहेत.